बारा रात्रींची सुपारी

बाळांनो, समजा, तुम्ही सतरा वर्षांचे आहात. समजा, तुमच्या हातात काठी आहे, पुढे बासष्ट मेंढरं आहेत आणि पायाखाली असा माळ आहे की ज्यावर दोन पावसाळ्यांत धड गवत उगवलेलं नाही. मेंढरं जमीन हुंगत चालतात. मिळालं तर हराळीचं वाळलेलं मूळ, नाहीतर तोंडात नुसती धूळ. आणि समजा, तुमच्या पोलक्याच्या आत एक पोस्टकार्ड आहे. घामानं शाई पसरू नये म्हणून तुम्ही ते एरंडाच्या पानात गुंडाळून ठेवलंय. दिवसातून चार वेळा तुम्ही ते पान उलगडता. वाचून पाठ झालंय, तरी उलगडता.

पाहिलंत? मग आता ती मुलगी तुम्हाला दिसेल. तिचं नाव अंबू. सांगोल्याच्या पुढं, माण नदीच्या अलीकडं हराळवाडी म्हणून गाव, तिथल्या धुळा धनगराची ही लेक. साल एकोणीसशे त्र्याहत्तर, जून महिना. अंबू नुकतीच मॅट्रिक पास झाली होती आणि पोस्टकार्ड आलं होतं पुण्याच्या एका कॉलेजातून. त्यावर एवढंच होतं :

'सैन्यशास्त्र हा विषय घेण्यास विद्यार्थिनींना मनाई नाही. अद्याप कोणी घेतलेला नाही. अर्ज शाळा सोडल्याच्या मूळ दाखल्यासह ३० जूनपर्यंत पोहोचावा.'

धनगराच्या पोरीच्या डोक्यात हा विषय शिरला कसा, असं गावात पुष्कळांनी विचारलं. बहुतेकांनी हसत विचारलं. तो शिरला एका नकाशातून.

दीड वर्षापूर्वी लढाई झाली, त्या हिवाळ्यात महादेवप्पा सरांनी वर्गात आशियाचा नकाशा टांगला. कडेनं उंदरांनी कुरतडलेला जुना नकाशा. नवा आणायला संस्थेकडं पैसे नव्हते. सरांनी अंबूच्या हातात दौत आणि टाक दिला. "तुझं अक्षर बरं आहे. पूर्व पाकिस्तान खोड आणि बांगलादेश लिही."

अंबूनं स्टुलावर चढून खोडलं, लिहिलं. मग खाली न उतरताच विचारलं, "सर, ह्ये ठरवतं कोन?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते अक्कलकोटकडचे. घरी कानडी बोलायचे, शाळेत पुस्तकी मराठी. उत्तर द्यायचं सोडून त्यांनी दुसऱ्या दिवसापासून तिला वर्तमानपत्र द्यायला सुरुवात केली. एस.टी.नं दोन दिवस उशिरा येणारं, सरांचं वाचून झालेलं. सिमल्याला करार झाला, तेव्हा अंबूनं ती बातमी मेंढरांमागं चालत सात वेळा वाचली. कुणी सैन्य आधी मागं घ्यायचं, कुठली रेघ पाळायची, धरलेली माणसं कधी सोडायची. तिला ते परकं वाटलंच नाही. तिचा बाप धुळा दर साल हेच करायचा. परक्या गावच्या शिवेवर थांबायचं, पुढं माणूस धाडायचा, कुणाच्या रानात किती रात्री मेंढरं बसवायची, बदल्यात काय, पाणी कुठल्या विहिरीचं, हे पाच माणसांत ठरवायचं. आणि ठरलं की सुपारी घ्यायची. कागद नाही, अंगठा नाही. घेतलेली सुपारी धुळा पटक्याच्या शेवात बांधायचा. ठरलेल्या रात्री संपल्या की ती मालकाला परत द्यायची, मगच शीव ओलांडायची. त्याआधी उठणाऱ्या धनगराला दुसऱ्या साली कुणी रानात घेत नाही. आणि मालकानंच बोल फिरवला, तर सुपारी त्याच्या पायाशी ठेवायची आणि दुपारच्या आत रान सोडायचं.

सरांनी दोन कॉलेजांना पत्रं लिहिली होती. सोलापूरच्या कॉलेजाचं माहितीपत्रक आलं, पुण्याचं हे कार्ड. अंबूची आई गोजाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथल्या निंबाखाली सरांनी दोन्ही कागद अंबूपुढं ठेवले.

"सोलापूर जवळ. महिन्यातून घरी येता येईल," सर म्हणाले. "राज्यशास्त्र चांगलं शिकवतात. पुणं लांब. वसतिगृहात जागा मिळेल, नादारी मिळून फी माफ होईल, पण त्या वर्गात तू एकटी मुलगी. चिडवतील."

"हितं काय कमी चिडिवत्यात?" अंबू म्हणाली. "सर, सोलापूरच्या पुस्तकात राज्य कसं चालतं ते हाय. पुन्याच्या विषयात त्याच्या म्होरचं हाय. दोन देश भांडत्यात कशावरनं आन् थांबत्यात कशानं. मला त्ये पायजे."

गोजाबाईनं हातोडी खाली ठेवली. तिच्या बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. "गुर्जी, पुन्याला दुष्काळ हाय का?"

"तिथं नळाला पाणी आहे, बाई."

"मग जाऊंद्या. येक तोंड तरी भिजंल." असं म्हणून तिनं पदरानं तोंड पुसलं, ते जरा जास्तच वेळ पुसलं.

एवढं ठरलं. उरला फक्त दाखला.

*

दाखला मुख्याध्यापकांच्या कपाटात. मुख्याध्यापक मानसिंगराव, आणि शाळा ज्या संस्थेची, ती हिंदुरावांची. हिंदुराव म्हणजे गावचा निम्मं शिवार आणि न आटलेली एकुलती एक विहीर. त्यांना या जूनपासून गावात कॉलेज काढायचं होतं. शाळेच्या मागं चार पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या होत्या, पाटी रंगवून झाली होती. विद्यापीठाची कमिटी सत्तावीस तारखेला बघायला येणार होती. त्यांना साठ मुलं दाखवायची होती.

अंबू दाखला मागायला गेली. मानसिंगरावांनी वर न बघता सांगितलं, "तुझा दाखला नाही मिळायचा. तुझं नाव आपल्या कॉलेजात लागलंय."

"कुनी लावलं?"

"तुझ्या बापानं. सुपारी घेतली की त्यानं."

"ती मेंढरांची सुपारी हाय."

"ते मला नको सांगू. यादीत सत्तावन्न नंबरला तू आहेस. जा आता, मेंढरं राखायची असतील."

ती विहिरीवर पळतच गेली. धुळा मोटेच्या थारोळ्यातून पाणी काढून दगडी डोणीत ओतत होता. मेंढरं एकमेकांच्या पाठीवर चढत होती. तिनं काठी जमिनीवर आपटली.

"आबा, सुपारी घेताना हिंदुराव काय बोलला? समदं सांग. येक शब्द गाळू नगंस."

धुळानं बादली ठेवली. बोलायच्या आधी त्यानं पटक्याचा शेव चाचपला. "चावडीम्होरं बोलला. धुळ्या, बारा राती मेंढरं मळ्यात बसव, खत पडू दे, बदल्यात विहिरीचं पानी पाज. मी म्हनलं, व्हय मालक. मग सुपारी काडली. आन् देता देता म्हनला, पोरगी मॅट्रिक झाली म्हनं? मग ती बी आपलीच. घे. मी घेतली."

"ती बी आपलीच, ह्ये कशाला ऐकून घेतलंस?"

"मला वाटलं कवतिक केलं! सुपारी मेंढराचीच असती की. शंभर सुपाऱ्या घेतल्या असतील म्या, कुनी पोरगी घातलीय का त्यात कदी? पानी ठरलं, राती ठरल्या, त्याच्या म्होरचं बोलनं म्हंजे रामराम."

"पाच मान्सं हुती?"

"सात हुती," धुळा म्हणाला आणि खाली बसला.

संध्याकाळी पालापाशी गोजाबाईला हे कळलं तेव्हा ती दुष्काळी कामावर मिळालेली सुकडी भिजवत होती. तिनं परातच ढकलली. "पोरगी काय मेंढरू हाय व्हय? कुनाच्याबी रानात बसवायला?"

"मोडू का मग? मोडतो. आन् उद्या पानी कुटलं पाजू? सव्वाशेची बासष्ट झाली. आन् मोडली तर माणच्या ह्या तीरापासनं त्या तीरापातूर कोन हुबं करल का दारात?"

"मोडू नगं," अंबू म्हणाली. "जाऊन इच्चार. मेंढराचा बोल आन् पोरीचा बोल निराळा करून घे."

*

धुळा सकाळी गेला. अंबू मागं गेली. वाड्याबाहेर धुळानं पायताण काढलं, उन्हात उकिडवा बसला. हिंदुराव ओट्यावर दाढी करून घेत होते. न्हाव्यानं एक गाल केला, मग दुसरा, मग मिशी कोरली. तोवर धुळाची सावली पायाखाली आली. पाणी पी, असं कुणी म्हणालं नाही.

"बोल धुळ्या."

"मालक, पोरीला पुन्याला शिकायचंय. दाखला तेवडा..."

"पुन्याला? काय शिकनार?"

धुळानं मागं बघितलं.

"सैन्यशास्त्र," अंबू म्हणाली. "आन् देशादेशातले संबंध."

हिंदुरावांनी न्हाव्याकडं बघितलं, न्हावी हसला, मग ओट्यावरची सगळीच माणसं हसली. "ऐकलं का! धनगराची पोरगी लढाईला निगाली. काठी घिऊन जानार का गोफन?" मग हसू पुसून ते म्हणाले, "आगं, हितं कॉलेज काडलंय म्या, ते कुनासाठी? तुमच्यासाठीच न्हवं? मराठी घे, इतिहास घे. मेंढरंबी राखून हुतील."

"तुमच्याकडं त्यो विषय न्हाय."

"विषय नसू दे. साठ पोरं पायजेत, अठ्ठावन्न झाल्यात. येक गळलं की कमिटी नाक मुरडती." ते धुळाकडं वळले. आवाज बदलला. "सुपारी घेतलीस का न्हाय?"

"घेतली मालक. पर ती मेंढ..."

"सुपारी किती दिल्या? येक का दोन?"

"येक."

"मग येक सुपारी, येक बोल. मेंढरं आन् पोरगी निराळी न्हाय करायची. पानी पायजे, तर पोरगी कॉलेजात. ऊठ."

धुळा उठला. उठताना त्याच्या गुडघ्यातून कळ गेली आणि हात ओट्याच्या कडेला टेकला. हिंदुरावांनी त्या हाताकडं बघितलं. नुसतं बघितलं. धुळानं हात चटका बसल्यासारखा उचलला.

तो हात अंबूनं बघितला. आजवर तिला राग आला होता तो बापाचा, मानसिंगरावांचा, दाखल्याचा. आता जो आला तो वेगळा होता. वाटेत बाप काहीतरी बोलत होता, नशिबाचं, पाण्याचं. तिनं ऐकलं नाही. ती एकच वाक्य चघळत चालली होती. येक सुपारी, येक बोल. मेंढरं आन् पोरगी निराळी न्हाय करायची.

"आबा," ती एकदम थांबली. "सुपारी ज्याची, मेंढरं त्याच्या जाग्यावर बसवायची. असंच न्हवं?"

"असंच."

"आन् सुपारी आता कॉलेजाची हाय. मालकच बोलला."

धुळानं पटक्याच्या शेवातली सुपारी चाचपली.

*

सत्तावीस जून, बुधवार. अकरा वाजले होते. शाळेपुढं मांडव घातलेला, खुर्च्यांवर पांढरी चादर. कमिटीचे तीन पाहुणे जीपमधून आले. त्यातले एक म्हातारे, जाड चष्म्याचे. हार झाले. मानसिंगराव यादी घेऊन उभे. पत्र्याच्या खोल्यांत पोरं बसवलेली, त्यातली काही तर गेल्याच साली नापास झालेली.

आणि मग फाटकातून मेंढरं आली.

पुढं अंबू, मागं धुळा आणि गोजाबाई. बासष्ट मेंढरं मांडवाखाली शिरली. चादरीची टोकं चघळली गेली. एका मेंढीनं पाहुण्यांच्या बुटाचा वास घेतला. एका मेंढ्यानं कमानीवरच्या आंब्याच्या डहाळ्या ओढल्या आणि कमान वाकडी झाली. कितीतरी दिवसांनी त्याला हिरवं पान दिसलं होतं, बिचाऱ्याला कमिटी काय कळणार.

"आरं ए! कुनाची ही? हाकला!" मानसिंगराव ओरडले.

अंबू त्या पत्र्याच्या खोल्यांपुढं उभी राहिली आणि तिनं तोंडानं तो आवाज काढला, ज्यावर मेंढरं खाली बसतात. मेंढरं बसली.

हिंदुराव खुर्चीतून उठले. "धुळ्या! डोकं फिरलं का?"

धुळानं मान खाली घातली होती. बोलली ती अंबूच.

"मालक, तुमी सुपारी दिली. परवा म्हनला, सुपारी येक, बोल येक, मेंढरं आन् पोरगी निराळी न्हाय करायची. मी कॉलेजात, म्हंजे मेंढरंबी कॉलेजात. अजून सहा राती ऱ्हायल्यात. हितंच बसवतो. सत्तावन्न नंबरच्या म्होरं ह्यांचीबी नावं लिवा, म्हंजे साठाची भर हुईल."

चष्म्याचे म्हातारे म्हणाले, "ही काय भानगड आहे? सत्तावन्न नंबर म्हणजे?"

"काही नाही साहेब, अडाणी लोक आहेत," मानसिंगराव मध्ये पडले. "मेंढ्या बसवायचा व्यवहार आहे, त्यात जरा..."

"मुलीचं नाव त्या व्यवहारात आहे?"

"छे छे!" हिंदुरावांचा चेहरा लाल झाला होता. एक मेंढरू त्यांच्या धोतराला पाठ घासत होतं. त्याला लाथ घालत ते ओरडले, "सुपारी मेंढराची हाय! बारा रातींची! पोरीचा काय संबंध त्यात!"

मांडव गप्प झाला. मेंढरंसुद्धा रवंथ करायची थांबली असं गावात पुढं सांगत, पण ते काही खरं नाही. मेंढरं रवंथ करतच होती.

मागं हारांचं ताट घेऊन महादेवप्पा सर उभे होते. नोकरी संस्थेची, घरी चार माणसं खाणारी. त्यांनी ताट बाकावर ठेवलं आणि म्हणाले, "पाच जणांत बोलले. मी ऐकलं." मग ते मुख्याध्यापकांकडं वळले. "मानसिंगराव, मुलीचा संबंध नाही तर दाखला अडवता येत नाही."

"मास्तर, तुमचं बघतो मी," हिंदुराव म्हणाले.

"बघा," सर म्हणाले. "पण आधी दाखला."

चष्म्याच्या म्हाताऱ्यांनी हात पुढं केला. "यादी द्या पाहू इकडं." त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि सत्तावन्नावर रेघ मारली. मग अंबूला विचारलं, "जायचं कुठं आहे तुला?"

"पुन्याला. सैन्यशास्त्राला."

ते हसले नाहीत. तेवढ्यानंच अंबूचे डोळे भरून आले. पण तिनं ते रागानं पुसले, कारण हिंदुरावांसमोर तिला रडायचं नव्हतं.

मानसिंगरावांनी कपाट उघडलं. दाखला लिहिताना टाक दोनदा कागदात रुतला. शाळा सोडल्याचं कारण : पुढील शिक्षणासाठी. सही, शिक्का. तो कागद त्यांनी टेबलावर टाकला. हातात दिला नाही. अंबूनं उचलून घेतला.

फाटकाशी हिंदुराव आडवे आले. "धुळ्या, आजपासनं विहिरीवर पाऊल ठिवलंस, तर तंगडं मोडीन. मेंढरं मरू दे तिकडं माळावर."

धुळा थांबला. त्यानं डोक्यावरचा पटका सगळ्यांदेखत सोडला, शेवाची गाठ दातानं उकलली आणि सुपारी काढून हिंदुरावांच्या पायाशी ठेवली. वाकला नाही, गुडघे मोडून बसला आणि तसाच उठला. हात कशालाच टेकला नाही.

"म्या न्हाय मोडली. तुमी मोडली," तो म्हणाला. "मान्सं बगत्यात."

*

आता पाणी सात मैलांवर, माणच्या कोरड्या पात्रात. उन्हात मेंढरं नेली. एक गाभण मेंढी वाटेत बसली ती उठलीच नाही. गोजाबाई तिच्यापाशी थांबली आणि हिंदुरावांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिली. तो तुम्हाला सांगण्यासारखा नाही. महादेवप्पा सर सायकल ढकलत बरोबर आले होते. पुण्याहून मागवलेला कोरा अर्ज त्यांच्याच पिशवीत होता. संध्याकाळच्या एस.टी.नं सांगोल्याला जाऊन ते तो टपालात टाकणार होते.

वाळूत झिरा पाडायला धुळानं खोरं चालवलं, अंबूनं हातांनी उपसलं. कमरेइतकं खोल गेल्यावर वाळू ओली लागली. मग तळाशी पाण्याचं भिंग चमकलं.

"आधी अर्ज पुरा करू," सर म्हणाले. "माझी गाडी जाईल."

खोदलेल्या वाळूच्या ढिगावर बसून अंबूनं अर्ज भरला. विषयाच्या रकान्यात तिनं लिहिलं, सैन्यशास्त्र. पालकाचा व्यवसाय, इथं ती थांबली.

"शेती लिही," सर हळूच म्हणाले. "बरं दिसतं."

तिनं 'मेंढपाळ' लिहिलं. टाक इतका दाबला की अक्षर मागच्या बाजूला उमटलं.

पालकाच्या सहीला शाईचं पॅड नव्हतं. मेंढरांच्या पाठीवर खूण करायचा गेरू धुळाच्या पिशवीत होता. झिऱ्यातल्या पहिल्या दोन थेंबांत त्यानं तो कालवला आणि अंगठा कागदावर टेकवला. लाल, मोठा, कडेला भेग असलेला अंगठा. "नीट उटला का?" त्यानं विचारलं. आजच्या दिवसात त्यानं लेकीला विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

"उटला, आबा."

सरांनी अर्ज, दाखला पाकिटात घातले, पाकीट सदऱ्याच्या आत ठेवलं आणि सायकल चढणीला लावली. ते दिसेनासे होईपर्यंत अंबू उभी होती. तोवर धुळा मेंढरांना पाणी पाजत होता. तिला पुण्याचा विचार करायचा होता. नकाशाचा, त्या रिकाम्या बाकाचा, ज्यावर अद्याप कोणी मुलगी बसली नव्हती. पण मागं मेंढरं ओरडत होती. तिनं मोजली. एकसष्टांतली एकोणीस अजून प्यायची राहिली होती आणि झिऱ्यात पाणी संपलं होतं.

मग अंबूनं परकर खोचला, खड्ड्यात उतरली आणि पुन्हा वाळू उपसायला घेतली.